सूत्रधार, सरदार आणि शाहीर
(जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



कलशाच्या मिरवणुकीत वाजविणारे पुष्कळ असतात, पण गावाच्या तोंडी नाव एकाचेच असते, बँडमास्तरांचे. त्यांनी मान हलवली की सूर उठतो, हात खाली आला की सारे गप्प. पितळी वाद्यांचा बँड पलटणींबरोबर आला. मेळ्याचा म्होरक्या मात्र सातारा-सांगलीच्या मातीला आधीपासून ठाऊक होता. त्याची नावे निराळी, सूत्रधार, सरदार, शाहीर. काम मात्र एकच.

सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनी कर्नाटकातील भागवत मंडळींचा खेळ पाहिला आणि तसे काही मराठीत व्हावे म्हणून आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितले. १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' झाले. त्या खेळात सारी पदे सूत्रधाराने म्हणायची, मागे टाळ-मृदंगाची साथ, आणि पात्रांनी त्या पदांच्या अनुरोधाने ऐनवेळी सुचेल ते बोलायचे. सूत्रधार चुकला तर राम-सीता दोघेही उभेच! १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि दरबारचा आधार तुटला. मंडळींची पोटे तर हातावर. मग भावे ताफा घेऊन गावोगाव फिरले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आश्रयदाता गेल्यावर मेळा कसा जगवायचा, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक म्होरक्याला पडला. उत्तर मात्र ज्याने त्याने आपापले शोधले.

रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी ते फार महाग किमतीला शोधले. त्यांचा जन्म १८६६ चा. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. कुलकर्ण्याचा मुलगा, वतनाचा धनी, ढोलकीच्या नादाने घरदार सोडून तमाशात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला. भाऊबंद तुटले, जातीने दूर केले. फडाची नायिका पवळा अस्पृश्य मानलेल्या समाजातली. बापूराव लावणी रचीत, पवळा ती नाचून उभी करी, आणि माणसे लोटत. पण फड म्हणजे काही नुसती लावणी नव्हे. सरदाराने ओळ टाकायची, मागे तुणतुण्याच्या साथीत झीलकऱ्यांनी ती उचलायची, ढोलकीवाल्याने त्याच्या नजरेकडे पाहून तोडा घ्यायचा. गण, गौळण, बतावणी, वग अशी रात्र पुढे न्यायची आणि सकाळी सगळ्यांचे मानधन चुकते करायचे. एवढे वैभव पाहिलेला हा माणूस १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत गेला.

येथे एक गोष्ट देवळाच्या दारात उभे राहूनच सांगावयास हवी. तमाशाची रात्र गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने सुरू होते. तो गण गाणारे बहुतेक कलावंत ज्या समाजांतून येत, त्यांना देवळाची पायरी बंद होती. पटांगणात उभे राहून त्यांनी देवाला आळवावे, गावाने माना डोलवाव्यात, आणि पहाटे त्यांनी बाहेरच्या बाहेर निघून जावे, अशी ती रीत. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ साली. जीर्णोद्धाराच्या हिशेबात दगड, चुना, शिसवी लाकूड येते; हा हिशेबही त्याच वहीत असावा.

मिरज तालुक्यातील कवलापूरने म्होरकेपणाची वेगळीच तऱ्हा दाखविली. तेथे सरदारकी जोडीने चालली. आधी सातू-हिरू, मग शिवा-संभा, आणि त्यानंतर संभाजी खाड्यांचे जुळे पुत्र लहू व अंकुश. 'जहरी प्याला' या वगातील काळू-बाळू या नावांनीच महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. दोघांतला कोण कोणता हे सोंगात कळत नसे, आणि त्यातच अर्धा विनोद होता. बाप गेला, मुलगे उभे राहिले, फड मोडला नाही.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशाचा तोच बाज घेऊन १९४४ साली अमर शेख व गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभारले, आणि देवाच्या गणाऐवजी मातृभूमीला व श्रमिकांना वंदन घातले. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे (१९२३ ते २०१५) यांनी पुढे 'महाराष्ट्राची लोकधारा' मंचावर आणली. त्यांनी गायिलेले महाराष्ट्र गीत २०२३ साली राज्यगीत झाले. या दोघांविषयी सांगण्यासारखे बरेच आहे, पण ते छापून आलेलेही बरेच आहे.

फडांचे तसे झालेले नाही. नारायणगाव आणि विटा येथे आजही यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. २०२० व २०२१ या दोन वर्षांत महामारीमुळे यात्रा बंद राहिल्या. फडमालकांच्या डोक्यावर कर्ज चढले आणि कित्येक वादक रोजगाराला गेले. तेव्हा यात्रा कमिटीपुढे तीन मागण्या आहेत. सुपारी ठरेल तेवढी त्याच रात्री पुरी द्यावी. पाऊस पडून खेळ मोडला तरी गाडीभाडे व जेवण कापू नये. आणि बायाबापड्यांना कपडे बदलायला देवळाशेजारची एक खोली, कडी-कोयंड्यासह, मोकळी ठेवावी.