खारपाणपट्ट्यातील मोजून प्यायचे पाणी



बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग आहेत. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरींचे पाणी खारे. गेली अनेक वर्षे याच गावांतून मूत्रपिंडविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने पुढे येत आहेत. त्याला केवळ पाण्याचे खारेपण कारणीभूत आहे की जोडीला आणखी काही, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही; परंतु वान धरणाचे गोडे पाणी आणण्यासाठी १४० गावांची योजना आखावी लागली, यातच सारे आले.

ज्यांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली, त्यांचे काय? २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि गरिबांना जिल्हा रुग्णालयात विनामूल्य उपचाराची वाट मोकळी झाली. एका डायलिसिसला शंभर लिटरहून अधिक शुद्ध केलेले पाणी लागते. ज्याला गावात गोडे पाणी मिळाले नाही, त्याच्यासाठी ते येथे यंत्राने गाळले जाते!

आठवड्याचे तास १६८. निरोगी मूत्रपिंडे ते सर्व तास राबतात. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस घेतले तरी यंत्राचे काम १२ तासांचेच. उरलेले १५६ तास रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हाती असतात, आणि प्रकृती टिकते ती तेथे.

पहिली कसोटी तहानेची. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली, त्याहून साधारण अर्धा लिटर अधिक, एवढेच द्रव पोटात जावे. चहा, ताक, वरण सारे त्यात आले. नेमके प्रमाण डॉक्टर ठरवितात. वैशाखातल्या उन्हात हे व्रत कठीण खरे. पण मीठ कमी केले की तहानही कमी होते. एक लिटर साठले की वजन एक किलोने वाढते, म्हणून रोज सकाळी वजनकाट्यावर उभे राहावे.

दुसरी कसोटी उपवासाची. शेगावच्या परिसरात एकादशी पाळणारी घरे पुष्कळ. उपवासाला साधे मीठ वर्ज्य, म्हणून सैंधव घालतात. पण सैंधव हेही मीठच. बटाटा, केळी, शेंगदाण्याचा कूट, खजूर, शहाळे यांत पोटॅशियम भरपूर असते आणि ते रक्तात साचले तर हृदय अकस्मात थांबू शकते. दोन डायलिसिसमधील अंतर मोठे असेल तेव्हा धोका अधिक. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठातही बहुधा पोटॅशियमच असते. भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावे. मात्र डाळ, दूध पार बंद करण्याची जुनी सवय येथे घातक ठरते. डायलिसिसमध्ये प्रथिने वाया जातात आणि अशक्तपणा वाढतो. किती घ्यावे, हे आहारतज्ज्ञाला विचारावे. पाल्याचे काढे तर दूरच ठेवावेत.

ज्या हातावर फिस्टुला केला असेल, त्या हाताची नस कोणालाही टोचू देऊ नये, रक्तदाब मोजू देऊ नये, घट्ट बांगड्याही नकोत. तेथील थरथर रोज बोटांनी तपासावी; ती थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि घरात एक रुग्ण निघाला, की त्याच विहिरीचे पाणी प्यालेल्या भावा-मुलांनीही रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. हा विकार पुष्कळ पुढे जाईपर्यंत दुखत नाही.