मोजदाद आणि बुद्धी
(ज्युबिलीप्रसंगी केलेले भाषण)



धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या मंगल समयी आम्ही यंत्राविषयी बोलावे, हे कित्येकांस प्रसंगास विसंगत वाटेल. परंतु ज्युबिलीचा आरंभच मुळी मोजदादीने होतो. लेवीय ग्रंथात सात वर्षांची सात आवर्तने मोजावयास सांगितली आहेत. सात साते एकोणपन्नास. त्यानंतरच्या पन्नासाव्या वर्षी दास्यात पडलेल्यास मुक्ती आणि गमावलेली जमीन मूळ कुटुंबास परत, अशी आज्ञा आहे. म्हणजे हिशेब कृपेच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन पोहोचवतो. उंबरठा ओलांडण्यास मात्र दुसरे काही लागते. ते दुसरे काय, हाच आजचा आमचा विषय होय.

मोजदाद आपल्या जुन्नर प्रांतास नवी नाही. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांच्या संख्या त्यात अंकांनी कोरल्या आहेत. शून्याची खूण तेव्हा प्रचारात नव्हती. दहा, शंभर आणि हजार यांस वेगवेगळी चिन्हे होती. दोन हजार वर्षे झाली, अंक अद्याप भिंतीवर आहेत. पण ते अंक दान देत नाहीत. दान राणीने दिले. अंकांनी ते केवळ सांभाळून ठेवले.

आता त्याच तालुक्यातील खोडद गावी यावे. तेथे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. काही एकत्र, काही तीन दिशांस दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ही रेडिओ दुर्बीण 2001 साली राष्ट्रास अर्पण झाली. तीस तबकड्यांच्या 435 जोड्या होतात. प्रत्येक जोडीने ऐकलेल्या क्षीण लहरींचा मेळ संगणक अहोरात्र घालीत असतो. एवढे गणित हाताने करू म्हटल्यास माणसाचे आयुष्य पुरणार नाही. तरीही आकाश ऐकावे, ही उत्कंठा त्या यंत्रास झालेली नव्हती. 1967 साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल या तरुण संशोधिकेस नोंदीच्या कागदावर एक बारीकशी विचित्र खूण वारंवार दिसली आणि त्यातून स्पंदन पावणाऱ्या ताऱ्यांचा शोध लागला. खूण यंत्राने उमटवली होती. ‘हे काय असावे?’ हा प्रश्न मात्र तिला पडला.

यावर कोणी म्हणेल, यंत्र आज जे करू शकत नाही ते उद्या करील. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. बुद्धिबळात यंत्र जगज्जेत्यास हरवणार नाही असे पुष्कळजण म्हणत; 1997 साली कास्पारोव्ह यंत्राकडून हरला. आज यंत्रे मराठीत पत्रे लिहितात, प्रश्नांची उत्तरे देतात, सांत्वनही करतात. म्हणून ‘यंत्रास अमुक जमत नाही’ या पायावर माणसाची थोरवी उभारू नये. तो पाया दरवर्षी खचत जाईल. कुर्ट ग्योडेल याने 1931 साली अंकगणिताच्या नियमबद्ध पद्धतींची मर्यादा सिद्ध केली आणि तिच्या आधारे काही विद्वानांनी यंत्राविरुद्ध निकाल दिला. त्यावर तज्ज्ञांत एकमत नाही. सबब त्या आधारावरही आम्ही विसंबत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. यंत्र काय करते, हा तो नव्हे. ते करताना त्यास काही कळते काय, हा होय.

बेल्ह्याचा बैलबाजार आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. आपल्याकडील गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी सौदा करण्याची जुनी रीत आहे. समजा, एखाद्या परक्या मुलखातील माणसाने केवळ या खुणांचे नियम पाठ केले. अमके बोट दाबले की तमके दाबावयाचे, एवढेच त्यास ठाऊक. बैल त्याने जन्मात पाहिलेला नाही, पैसा म्हणजे काय हेही त्यास अवगत नाही. नियमांत चूक न झाल्यास तो सौदा बिनचूक पार पाडील. रुमालाबाहेरून पाहणारास तो मुरलेला दलालच वाटेल. पण त्यास बैलाची पारख आहे असे आपण म्हणू काय? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी 1980 साली चिनी लिपीच्या दृष्टान्ताने हाच मुद्दा मांडला होता. खुणा फिरवणे निराळे आणि खुणांचा अर्थ जाणणे निराळे.

आता त्याच बाजारातील दुसरा माणूस पाहा. मुलीच्या लग्नासाठी घरचा बैल विकावयास आलेला शेतकरी. बोटांचा हिशेब त्यासही येतो. पण सौदा पुरा झाल्यावर दावे दुसऱ्याच्या हाती देताना त्याचा हात क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात बारा पेरण्या आहेत, एक दुष्काळ आहे, लेकीचे लग्न आहे. किंमत दोघांनीही केली. मोल एकालाच कळले. कारण त्या व्यवहारात त्याचे स्वतःचे काही पणाला लागलेले होते.

येथे बुद्धीचा प्रश्न प्राणाच्या प्रश्नास येऊन मिळतो. गव्हाचा दाणा मातीत पडला की आपणहून ओल शोधतो, मूळ खाली आणि कोंब वर पाठवतो, आपले शरीर आपणच घडवतो. सजीव म्हणजे जे स्वतः स्वतःस चालवते, असे संत थॉमस अक्वायनस यांचे विवेचन आहे. दाण्यास जगणे आहे, म्हणून सुकणेही आहे. यंत्र बंद केले तर यंत्राचे काहीच जात नाही. जाते ते ते वापरणाराचे. 1642 साली वडिलांस कराच्या हिशेबात साहाय्य व्हावे म्हणून ब्लेझ पास्काल याने गणनयंत्र रचण्यास आरंभ केला. तो स्वतः श्रद्धावान कॅथोलिक होता. त्याने पुढे नमूद केले की, या यंत्राचे कार्य पशूंच्या कृतींपेक्षाही विचाराच्या अधिक निकट जाते. परंतु पशूंस जशी इच्छा असते तशी यंत्रास आहे, असे म्हणण्याजोगे त्यात काही नाही. ज्याने यंत्र घडवले त्यालाच त्याची मर्यादा प्रथम दिसली.

28 जानेवारी 2025 रोजी, संत थॉमस यांच्या सणादिवशी, व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक टिपण प्रसिद्ध केले. ही बुद्धिमत्ता मानवी बुद्धीचे दुसरे रूप नव्हे, ती मानवी बुद्धीची निर्मिती आहे, असे त्याचे सार होय. हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा आहे असे कोणी समजू नये. बुद्धी म्हणजे गणनाच, असे एकदा मान्य केले की ज्यास गणना येत नाही तो कमी माणूस ठरू लागतो. ज्या आजीस नातवाचे नाव आठवत नाही, जे बालक मंदगती जन्मास आले, जो रुग्ण महिनोन्‌महिने बोललेला नाही, त्यांचा भाव त्या तराजूत काय होईल? यंत्राने माणसासारखे होण्याची भीती आम्हांस तितकी वाटत नाही. माणसाने माणसास यंत्राच्या मापाने मोजावे, याची वाटते.

आपल्या प्रभूने सांगितलेला मेंढपाळ हिशेबात कच्चा नव्हता. शंभरात एक उणे आहे हे त्यास मोजल्यावाचून कळले नसते. पण नव्याण्णव सुरक्षित आहेत, एकाची तूट सोसण्याजोगी आहे, असा निष्कर्ष त्याने काढला नाही. तो रानात निघाला. मोजणे तेथे प्रेमाचे चाकर झाले होते, धनी नव्हे.

म्हणून यंत्राचा तिरस्कार करू नये, असेच आमचे सांगणे आहे. शेताचा हिशेब, रोगाचे निदान, मुलांचा अभ्यास यांत त्याचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु ज्या निर्णयाचे उत्तर देवापुढे द्यावयाचे, तो निर्णय यंत्रावर सोपवू नये. आणि आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचे काम तर मुळीच सोपवू नये. आजच्या सोहळ्यात वर्षे मोजून झाली, नावे वाचून झाली. येथून घरी जाताना ज्यांचे नाव यादीत राहून गेले असेल, अशा एकाच्या तरी दारी आपण थांबावे. आमच्या समजुतीने ज्युबिली तेथून सुरू होते.