बांधाला रुंदी असते



 आपल्या परभणी जिल्ह्याच्या या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष म्हणून आज मला आपल्या बोलीतल्या कडेच्या शब्दांविषयी बोलायचं आहे. घर, शेत, नदी, गाव जिथं संपतं त्या जागेला आपण काय म्हणतो आणि ते शब्द गेले तर आपलं काय जाईल, हा माझा विषय.

आपल्या भागातल्या कुठल्याही खेड्यात घरातून बाहेर निघा. ओसरी लागते, उंबरा लागतो, जुना वाडा असेल तर ढाळज. पुढं वेस, गावकूस, पांदण, बांध आणि शेवटी शीव. बांधालाच धुरा म्हणणारी गावंही आपल्याकडं आहेत. यातला एकही शब्द नुसती रेघ सांगत नाही. उंबऱ्यावर नवी सून माप ओलांडते, ढाळजेत बैठक बसते, वेशीपाशी मारुती असतो, शिवेवर दसऱ्याचं शिलंगण होतं. आपल्या भाषेत कडेला रुंदी आहे, काम आहे, माणसांची ये-जा आहे. ही जाण लेखनात उतरली पाहिजे, हेच मला सांगायचं आहे.

बांधाकडं जरा जवळून पाहा. त्याच्यावर पवना, मारवेल वाढतं, ते बैलांच्या दावणीला जातं. लिंबाच्या नाहीतर बाभळीच्या सावलीला दुपारची भाकर सुटते. मोठ्या पावसात काळी माती वाहायला लागली की बांधच तिला अडवतो. पण नांगराचं शेवटचं तास दरसाल चार बोटं आत सरकतं आणि ‘बांध कोरला’ म्हणून भावाभावांचं बोलणं बंद होतं. कोरून कोरून बांध सरला की गवत जातं, झाड जातं, पायवाट जाते. मोजणीच्या दोन दगडांमधली रेघ तेवढी उरते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १४३ पाहा. दुसऱ्याच्या शेताच्या हद्दीवरून आपल्या शेतात जाण्याच्या वाटेचा हक्क त्यात सांगितला आहे. जिथं आपलं संपतं तिथूनच शेजाऱ्याची वाट जाते, हे कायद्यालाही मान्य आहे. खरेदीखतातली चतुःसीमा तर याहून बोलकी. पूर्वेस नाला, पश्चिमेस अमक्याचं शेत, दक्षिणेस गाडीवाट. आपल्या जमिनीची ओळख पटते ती शेजाऱ्यांच्या नावांनी.

गोदावरीला आपण गंगा म्हणतो. तिच्यावरून गंगाखेड, तिच्यावरून गंगथडी. नदीचा काठ, कोसळणारी दरड, दोन्ही अंगांची थडी, हे सगळे वेगवेगळे शब्द आहेत, कारण तिथं जगणं वेगवेगळं आहे. धरणाचं पाणी ओसरलं की मोकळ्या जमिनीवर पीक घेतात, ती गाळपेर. काठ लुगड्यालाही असतो आणि तो पक्का विणलेला असतो. लुगडं विरलं तरी काठ टिकतो, म्हणून तो कापून वाकळीला लावतात.

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा आपल्यातून वेगळा झाला. पूर्णा नदीवरचं येलदरी धरण आपल्या जिंतूर तालुक्यात राहिलं, खालचं सिद्धेश्वर हिंगोलीत गेलं. नकाशावर रेघ पडली, पण येलदरीतून सुटलेलं पाणी आजही सिद्धेश्वरात जातं आणि दोन्हीकडच्या सोयरिकीही तुटलेल्या नाहीत.

भाषांच्या शिवेवरही परभणीनं मोठं काम केलं आहे. निजामाच्या राजवटीत कचेरीत उर्दू चालायची. त्या काळात सरकारी नोकरी करत बी. रघुनाथांनी (१९१३-१९५३) मराठी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. १९९५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं भरलं, तेव्हा अध्यक्ष होते कामगारवस्तीतून आलेले कवी नारायण सुर्वे.

मात्र कडेच्या सगळ्याच शब्दांचा नुसता गौरव करून भागत नाही. गावकुसानं माणसांनाही बाहेर ठेवलं. ज्यांच्या वाट्याला ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द आला, त्यांनीच तो मराठी साहित्याच्या मध्यभागी आणून उभा केला. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला आणि मराठी कथेला नवी, धगधगती भाषा मिळाली. हा शब्द जपायचा तो त्याच्या जखमेसकट जपायचा. तो गोंडस करून वापरणं हा नवा अन्याय ठरेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात निघाला. त्या तोडीची चिकाटी आपण निदान एका जिल्ह्यापुरती दाखवू या. शाळांनी मुलांना आजी-आजोबांकडं पाठवावं. शेत, विहीर, नदी, कापड, भांडी, घर यांच्या कडांना काय म्हणतात ते टिपावं. सोबत गाव आणि कोणत्या कामात तो शब्द येतो, हेही लिहावं. बांधावरच्या गवता-झाडांच्या नावांसाठी इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची मदत घ्यावी. लेखकांना माझी विनंती आहे: तुमचं पात्र धुऱ्यावर उभं असेल तर त्याला धुऱ्यावरच उभं राहू द्या, ‘शेताच्या सीमेवर’ नेऊ नका.

या कामाचा ठराव आजच मांडावा आणि या शब्दांची पहिली वही पुढच्या संमेलनाआधी पूर्ण व्हावी, असं मी आयोजकांना सुचवतो. माझ्या गावची नोंद मी स्वतः करून देईन.