ताग्यावरचा शिक्का आणि गाण्यातले नाव
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘कलावंतांचे जीवन’ हा विषय दिला. मी कलावंत नाही, गिरणीत साचे चालवलेला माणूस. तेव्हा साचेवाल्याच्या नजरेनेच बोलणार. ताग्याच्या टोकाला गिरणीचा शिक्का असायचा. कापड विणले कुणी, त्याचे नाव नसायचे. गाण्याचे आणि चित्राचेही आपल्याकडे तसेच होत चालले आहे.

वामनदादा कर्डकांचेच घ्या. १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म. शाळा नाहीच. मुंबईला आले, गिरणी झाली, कोळशाची वखार झाली, चिक्की विकून झाली. चाळीत एकाने पत्र वाचायला आणून दिले, तर वाचता येईना! ती गोष्ट मनाला लागली. देहलवी नावाच्या गृहस्थांकडून बाराखडी शिकले आणि जोडाक्षरे दुकानांच्या पाट्या वाचत वाचत पक्की केली. आणि १९४३ साली पहिले गीत रचले. तेही काय, तर हिंदी सिनेमाच्या गाण्याचे विडंबन. अशा उसन्या चालीवरून काही विद्वान नाक मुरडतात. मुरडू द्या. चाल लोकांच्या ओठावर आधीच बसलेली, शब्द तेवढे आपले घालायचे. मग पेटी-तबला नसला तरी गल्लीत गाणे उभे राहते. न शिकलेल्या माणसांपर्यंत विचार न्यायचा तर याहून सोपी वाट कोणती होती?

पुढे ‘वाटचाल’ १९७३ ला आणि ‘मोहळ’ १९७६ ला, अशी त्यांची पुस्तकेही निघाली. पण पुस्तकापेक्षा गाणी तोंडातोंडीच जास्त फिरली. आणि दादांनी काय केले, तर कितीतरी गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफून ठेवले. चोखोबा-तुकोबांच्या अभंगात असते ना, तशी नाममुद्रा. गाणे कुठल्याही गावाला जावो, धन्याचे नाव बरोबर जाते.

आणि आपण काय करतो? वेळ कमी म्हणून नेमके शेवटचे कडवे गाळतो! कॅसेटच्या जमान्यात गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव मुंगीएवढे, कधी तेही नाही. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरात ओळखतात, ओळखलाच पाहिजे, असा गळा पुन्हा होणे नाही. पण त्या आवाजाला शब्द कुणी दिले, हे किती जणांना सांगता येईल? वामनदादा आणि प्रल्हाददादा, दोघेही २००४ साली, दीड महिन्याच्या आत आपल्यातून गेले.

गाण्यात निदान नाव गुंफता येते. चित्राला तर सहीपुरता एक कोपरा असतो. अशा सहीची एक गोष्ट सांगतो, ती बंगालची आहे. चित्तप्रसाद हे चित्रकार १९१५ साली नैहाटीला जन्मले. आडनाव भट्टाचार्य. जातीचा निषेध म्हणून त्यांनी ते आडनावच टाकून दिले. नुसते चित्तप्रसाद. १९४३ च्या दुष्काळात मिदनापूर जिल्ह्यात ते गावोगाव हिंडले आणि हाडांचे सापळे झालेली माणसे काळ्या शाईने काढली. काही चित्रांखाली त्या माणसाचे नावही लिहिले. माझ्या मते सगळ्यात मोठे काम हे. भुकेने मेलेल्याला सरकार आकड्यात मोजते, ह्या माणसाने त्याला नावाने ओळखले. त्या चित्रांचे पुस्तक निघाले, तर इंग्रज सरकारने पाच हजार प्रती जप्त करून जाळल्या. घरच्यांकडे एक प्रत उरली, म्हणून पुढे २०११ साली ते पुन्हा छापता आले. एका प्रतीवर सगळे निभावले!

१९४६ नंतर ते आपल्या मुंबईतच होते, पुढे अंधेरीला राहिले. लिनोलियमवर कोरायचे, शाई लावायची, वर कागद दाबायचा. एका कोरीव तुकड्यातून पुष्कळ छाप निघतात, गरिबालाही परवडतात. राबणारी लहान पोरे त्यांनी अशीच कोरली. १९७८ साली ते गेले. नाव फार झाले नाही, पैसा तर नाहीच.

आता आपल्या वस्तीकडे या. १४ एप्रिलला कमानी कोण रंगवायचे? भिंतीवर बाबासाहेब कुणाच्या हातून उतरले? फ्लेक्स आले, पेंटरचे काम गेले, नावही चालले. गायन पार्टीतल्या वडीलधाऱ्यांच्या वह्या माळ्यावर वाळवी खाते आहे. चाळ पाडून टॉवर होताना सामानाबरोबर त्याही रद्दीत जातात. त्या वहीची दुसरी प्रत कुठेच नसते.

म्हणून विहार समितीला विनंती, एक लोखंडी कपाट ह्या वह्यांसाठी द्या. येत्या पौर्णिमेला ज्यांच्या घरी वही असेल त्यांनी ती आणावी, झेरॉक्स काढून मूळ वही त्याच दिवशी परत मिळेल. म्हातारी माणसे आहेत तोवर कोणते गाणे कुणाचे, कोणती भिंत कुणी रंगवली, हे तरुणांनी विचारून लिहून घ्यावे. आणि गाणाऱ्यांनी आज रात्रीपासूनच कवीचे नाव सांगून गाणे सुरू करावे, शेवटचे कडवे गाळू नये. कार्यक्रम पत्रिकेत माझ्यानंतर गायनच आहे, तेव्हा मी जास्त वेळ घेत नाही.

जयभीम!