तापलेल्या लोखंडाचा रंग

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



नोकरीनिमित्त या पोलादनगरीत आलो, तेव्हा भट्टीवरचे जुने मिस्त्री नुसत्या रंगावरून तापमान सांगत. आधी लाल, मग केशरी, मग पिवळसर पांढरा. आमच्या हातात पायरोमीटर असे, पण त्यांचा अंदाज फारसा चुकत नसे. लोखंड हाच क्रम का पाळतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मुलगी बारावीत असताना तिने मात्र विचारलं, "बाबा, प्रकाश लहर आहे की कण? पुस्तकात दोन्ही दिलंय." मी म्हणालो, "दिलंय तसं लिही, मार्क मिळतील." तिने पुन्हा काही विचारलं नाही. पुढे ती बी.कॉम.ला गेली. ते उत्तर मला अजून बोचतं. निवृत्तीनंतर या विषयावर जे वाचलं, ते आज सांगतो.

१९०० साली बर्लिनमध्ये तापलेल्या वस्तूंच्या प्रारणाची अचूक मोजमापं चालली होती. अवरक्त भागात ती तेव्हाच्या सूत्राशी जुळेनात. माक्स प्लांक यांनी ऑक्टोबरात जुळणारं सूत्र शोधलं, पण ते का जुळतं हे सांगता येईना. १४ डिसेंबरला त्यांनी कारण मांडलं. ऊर्जेची देवघेव हवी तेवढी होत नाही, ठरावीक पुंजांतच होते. प्रसादाचा मोदक मिळाला तर अख्खा, नाहीतर नाही, तसं. त्यातही लाल प्रकाशाचा मोदक लहान, जांभळ्याचा मोठा. कमी तापलेल्या लोखंडाला मोठे पुंज परवडत नाहीत, म्हणून ते आधी लाल दिसतं. खुद्द प्लांकनाही ही कल्पना पचायला जड गेली.

१९०५ साली आइन्स्टाइन म्हणाले, प्रकाशच पुंजांचा आहे. जस्तावर लाल प्रकाश कितीही प्रखर टाका, इलेक्ट्रॉन सुटत नाही. मंद अतिनील किरण तो लगेच सोडवतात. रॉबर्ट मिलिकन यांना हे पटेना. त्यांनी जवळजवळ दहा वर्षं प्रयोग केले. १९१६ साली त्यांचेच आकडे आइन्स्टाइनच्या समीकरणावर बरोबर बसले आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे छापले.

मग १९२४ साली द ब्रॉय यांनी उलट बाजू मांडली. लहर कणासारखी वागते, तर कणही लहरीसारखा वागेल. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉन हा कण म्हणून दाखवला होता. १९२७ साली त्यांचे चिरंजीव जी. पी. थॉमसन यांनी त्याच इलेक्ट्रॉनचं लहरीसारखं विवर्तन दाखवलं. दोघांनाही नोबेल मिळालं. बापही बरोबर, लेकही बरोबर!

आता मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. दोन बारीक फटींतून एकेक फोटॉन सोडला, तर पडद्यावर एकेका जागी एकेक ठिपका उमटतो. हा कण. पण हजारो ठिपके जमले की त्यांचे उजळ-काळे पट्टे दिसतात. ही लहर. 'लहर' आणि 'कण' हे आपले रोजच्या व्यवहारातले शब्द. निसर्ग त्यांत पुरता मावत नाही.

मागच्या महिन्यात मुलीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती हसून म्हणाली, "बाबा, पंचवीस वर्षं लावलीत!"

घरातल्या मुलांनी असं काही विचारलं आणि उत्तर येत नसलं, तर "मला माहीत नाही, चल, बघू" एवढं तरी म्हणा. बुद्धीच्या देवतेसमोर आज माझं मागणं एवढंच.