तुरीच्या मुळांवरील गांठी

मुलांस वनस्पतीचे भाग व त्यांचीं कार्यें कशीं शिकवावीं, याविषयीं आज चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे. माझा अधिकार इतकाच कीं, बार्शीटाकळीस मीं पुष्कळ वर्षें मास्तरकी केली, आणि या विषयांत एक चूक अशी केली कीं ती अद्याप विसरलों नाहीं.

मूळ पाणी शोषितें, खोड आधार देतें, पान अन्न तयार करितें, फुलापासून फळ व बीं होतें, हीं वाक्यें मुलें माझ्यापुढें घडाघडा म्हणत. शाळेच्या कुंपणापलीकडेच कपाशी, ज्वारी आणि तूर उभी असे. परंतु तिकडे पाहण्यास मीं त्यांना कधीं सांगितलें नाहीं.

एके वर्षीं भाद्रपदांत एका शेतकऱ्याच्या मुलानें तुरीचें रोप मुळांसकट उपटून वर्गांत आणिलें. मुळांवर मोहरीएवढ्या गांठी होत्या. "गुरुजी, ह्या गांठी कायच्या जी?" त्यानें विचारिलें. मला ठाऊक नव्हतें, आणि तसें कबूल करण्याचें धैर्य झालें नाहीं. "रोग आहे; फेकून दे बाहेर," मीं म्हटलें. तो हळूच म्हणाला, "बाप तर म्हणते, तुरीनं जमिनीले जोर येते." वर्ग हंसला, मीही हंसलों. त्या मुलानें पुन्हां कधीं प्रश्न विचारिला नाहीं.

पुढें वाचनांत आलें तें असें. त्या गांठींत सूक्ष्म जंतु राहतात. हवेंतील नत्रवायु वनस्पतीस जसाच्या तसा घेतां येत नाहीं. हे जंतु त्यास तिच्या उपयोगी पडेल असें रूप देतात, आणि मोबदल्यांत तिच्याकडून साखर घेतात. १८८६ सालीं हेलरीगेल व विल्फार्ट या जर्मन संशोधकांनीं द्विदल पिकांस नत्र मिळण्याचें हें रहस्य उकललें. म्हणजे बाप खरा होता, आणि मास्तर खोटा! हितकर गांठ बोटानें सहज सुटते व चिरल्यास आंत तांबूस दिसते. सूत्रकृमींच्या रोगांत मूळच सुजतें. ती गांठ सुटून येत नाहीं.

पानाविषयींही शहाण्यांची अशीच फसगत झाली आहे. व्हान हेल्मांट यानें २०० पौंड कोरड्या मातींत ५ पौंडांचें वाळुंजाचें रोप लावून पांच वर्षें केवळ पाणी घातलें. झाड सुमारें १६९ पौंड भरलें. माती मात्र दोनच औंस घटली. १६४८ सालीं छापून निघालेल्या त्याच्या ग्रंथांत निष्कर्ष असा कीं, झाड पाण्याचेंच बनतें. झाड माती खात नाहीं हें त्यानें बरोबर ओळखलें; पण हवेचा वाटा त्याच्या ध्यानांत आला नाहीं. पान सूर्यप्रकाशांत हवेंतील कर्बवायु व मुळांनीं पाठविलेलें पाणी यांपासून साखर बनवितें, हें पुष्कळ मागाहून कळलें.

शहरांत शेत नाहीं म्हणून अडत नाहीं. कांचेच्या पेल्यांत कडेनें ओला टीपकागद बसवा. कागद व कांच यांमध्यें चार अख्ख्या तुरी, चार मूग आणि एक तुरीची डाळ ठेवा. मूळ आधीं निघतें व खालीं वळतें. पेला आडवा केल्यास तें पुन्हां खालींच वळेल. मुगाचीं दळें वर उचललीं जातात, तुरीचीं जागींच राहतात. डाळ कां उगवत नाहीं, हें मूल आपण होऊन विचारील; तेव्हां भरडतांना अंकुर निघून जातो, हें त्यास अख्खी तूर सोलून दाखवा.

आणि उत्तर न येणारा प्रश्न मुलानें विचारिला, तर "मला ठाऊक नाहीं, चल, दोघे पाहूं," इतकेंच म्हणा. त्या मुलास मीं हें म्हणावयास हवें होतें.