पडलेल्या धावपटूचे आपण कोण?

(जुबिली-महोत्सवानिमित्त भरलेल्या युवक-मेळाव्यात केलेले भाषण)



जुबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगी तरुणांपुढे चार शब्द बोलावे, अशी व्यवस्थापक मंडळींची आज्ञा झाली, ती मी मोठ्या संकोचाने शिरोधार्य मानली आहे. मी पंडित नव्हे आणि वक्ताही नव्हे. माझे बहुतेक आयुष्य खेड्यातील शाळेत मुलांस अंकगणित शिकविण्यात आणि सायंकाळी त्यांच्याकडून मैदानावर फक्कीच्या रेषा आखून घेण्यात गेले. तेव्हा ज्या विषयात माझे मन रमते, व ज्या विषयात माझ्या हातून एक चूकही घडलेली आहे, तोच विषय आज आपणांपुढे मांडतो. ज्या खेळाडूवर आपण जीव लावला तो दुखापतीने खाली बसला, म्हणजे आपण पाहणाऱ्यांनी काय करावे, हा तो विषय होय.

उदाहरणासाठी आपणांस दूर जावयास नको. आपल्याच बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात, मांडवा नावाचे गाव आहे. पाऊस बेताचा, जमीन हलकी, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घरेच्या घरे बाहेर पडावयाची, असा हा सारा मुलूख आपल्या परिचयाचाच आहे. या गावी एका शेतकऱ्याच्या घरी १३ सप्टेंबर १९९४ रोजी अविनाश मुकुंद साबळे यांचा जन्म झाला. शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर, आणि वाहन नाही. तेव्हा हा मुलगा रोज चालत, बहुधा धावतच, शाळेस जाई. त्यात कोणास काही विशेष वाटले नाही. आपल्याकडे अशी मुले गावोगाव आहेत.

बारावी झाल्यावर साबळे सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये, भरती झाले. सियाचीनचे बर्फ, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीमचे डोंगर ही तीनही ठिकाणे त्यांनी शिपाई म्हणून पाहिली. सन २०१५ मध्ये ते सैन्यातील क्रॉस-कंट्री धावण्यात उतरले, आणि पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली स्टीपलचेस या शर्यतीकडे वळले.

या शर्यतीच्या नावाची कथा आज या मनोऱ्याच्या छायेत सांगण्यासारखी आहे. सन १७५२ मध्ये आयर्लंडात दोन घोडेस्वारांनी एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत पैज लावली, असे परंपरेने सांगतात. वाटेत कुंपण येवो, ओढा येवो, ते ओलांडावयाचे. दृष्टी मात्र दूरच्या मनोऱ्यावर. पुढे घोडे गेले, माणसेच धावू लागली. पण कुंपण आणि ओढा राहिलाच. आजच्या पुरुषांच्या शर्यतीत ३००० मीटर अंतरात २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. अडथळा सुमारे तीन फूट उंच असून तो जाड लाकडाचा असतो; पाय लागला तर अडथळा पडत नाही, माणूस पडतो. पाण्याचा खड्डा बारा फूट लांब, आणि अडथळ्याच्या बाजूस अधिक खोल. दमलेल्या धावपटूने एका पायावर, ओल्या उतारावर, आजूबाजूस दहा-बारा जण धावत असता, सात वेळा उतरावयाचे. आता गुडघ्यावर काय भार पडत असेल, याची कल्पना आपणच करा.

साबळे यांचे आरंभीचे दिवसही दुखापतीवाचून गेले नाहीत. सन २०१८ मध्ये घोट्याच्या दुखण्याने जाकार्ताच्या आशियाई स्पर्धा त्यांच्या हातून गेल्या. पण त्याच वर्षी भुवनेश्वर येथे त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत पुरी करून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा, म्हणजे ३७ वर्षांचा, राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढल्या वर्षी दोहा येथील जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत गर्दीत अडखळूनही त्यांनी तो आणखी खाली आणला. भारताची हरकत मान्य होऊन त्यांस अंतिम फेरीत जागा मिळाली, आणि तेथे ८ मिनिटे २१.३७ सेकंद हा नवा विक्रम झाला. सन २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक. सुवर्णपदक मिळविणारा केनियाचा किबिवोट केवळ ०.०५ सेकंदाने पुढे होता. डोळ्याचे पाते लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो. या शर्यतीत १९९४ नंतर केनियाबाहेरच्या कोणास राष्ट्रकुलाचे पदक मिळाले नव्हते, ते मांडव्याच्या शिपायास मिळाले. सन २०२३ मध्ये हांगचौ येथे आशियाई सुवर्ण, व त्याबरोबर ५००० मीटरचे रौप्य. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले, व तेथे अकरावे आले. मे २०२५ मध्ये कोरियातील गुमी येथे आशियाई अजिंक्यपद.

आणि मग ११ जुलै २०२५ हा दिवस. मोनाको येथील शर्यतीत पाण्याच्या खड्ड्यापाशी साबळे पडले. शर्यत अपुरी राहिली. तपासणीत गुडघ्याचे पुढील अस्थिबंधन तुटल्याचे व आतील कूर्चाही फाटल्याचे निष्पन्न झाले. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात टोकियो येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेस ते मुकले. हे बंधन मांडीचे हाड व नडगी यांना जागच्या जागी राखते. कूर्चा ही त्या दोहोंमधली गादी होय. सबंध तुटलेले बंधन आपोआप नीट सांधत नाही, म्हणून शरीरातीलच दुसरा स्नायुरज्जू काढून त्याच्या जागी बसवितात. तो रुजून बळकट होण्यास बहुधा नऊ महिने ते वर्ष लागते. घाई केली तर तो पुन्हा तुटतो.

ही वार्ता आली त्या सायंकाळी एस.टी. स्थानकासमोरच्या हॉटेलात आम्ही पाच-सहा जण चहा घेत बसलो होतो. तेथे तीन मते निघाली, आणि मला वाटते, ज्या ज्या ठिकाणी खेळावर प्रेम करणारी माणसे बसतात, त्या त्या ठिकाणी हीच तीन मते निघतात. एकजण म्हणाला, "आपल्या जिल्ह्याचे नशीबच फुटके." दुसरा म्हणाला, "त्याने तेथे जावयासच नको होते." तिसरा म्हणाला, "वय तिशीला आले, आता संपले."

या तिहींचा थोडा विचार करू. पहिले मत नशिबाचे. पॅरिसच्या त्याच ऑलिंपिक अंतिम शर्यतीत इथिओपियाचा लमेचा गिरमा, ज्याच्या नावावर ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा जागतिक विक्रम आहे, शेवटच्या फेरीत अडथळ्यास अडखळून पडला व त्यास डोलीवर घालून न्यावे लागले. पुढील वर्षी तो पुन्हा धावला. तेव्हा पडणे हा बीडचा शाप नव्हे. तो या खेळाचा धर्मच आहे. दुसरे मत जावयास नको होते याचे. पण जेथे बलाढ्य धावपटू एकत्र येतात तेथेच वेळ खाली येतो. ज्या डायमंड लीगने मोनाकोत गुडघा घेतला, तिनेच वर्षभरापूर्वी पॅरिसमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद दिले होते. फळ हवे आणि झाडावर चढणे नको, असे कसे व्हावे?

तिसरे मत अधिक कठीण आहे. "तो नक्की परत येईल," असे म्हणून टाळ्या घेणे मला सोपे आहे. पण ते मी म्हणणार नाही. शरीराच्या वतीने वचन देण्याचा अधिकार माणसास नाही. प्रश्न निराळा आहे. समजा कोणी परत आलाच नाही, तर पूर्वीचे सारे फुकट गेले काय?

आपल्या महाराष्ट्राने याचे उत्तर पूर्वीच पाहिले आहे. साताऱ्याकडील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पुढील ऑलिंपिकच्या आधी त्यांचा गुडघा दुखावला, आणि ती संधी गेली. म्हणून १९५२ चे पदक कोणी लहान मानतो काय? दुसरे मुरलीकांत पेटकर. ते सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून मुष्टियुद्ध कायमचे सुटले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक घेतले. एकाची वाट थांबली, दुसऱ्याची वळली. दोघांचेही चालणे व्यर्थ गेले नाही.

आता मी माझ्या चुकीकडे येतो. ती सांगितल्यावाचून हे भाषण म्हणजे नुसती वर्तमानपत्राची कात्रणे होतील.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. अनवाणी धावे, आणि असा धावे की पाहणाऱ्याचा श्वास थांबावा. तालुक्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याचा गुडघा सुजलेला मी पाहिला. मी हळद-चुना लावला, फडके बांधले आणि म्हणालो, "गड्या, शाळेच्या ढालीचा प्रश्न आहे." तो धावला. पहिला आला. ढाल आम्ही वाजतगाजत आणली. त्यानंतर तो कधी धावला नाही. त्याची मिरवणूक मला आठवते. दुसऱ्या दिवशी तो भिंतीस धरून वर्गात कसा शिरला, हे मात्र मी कितीतरी वर्षे आठवू दिले नाही.

त्या हॉटेलातल्या सायंकाळी "आता संपले" हे शब्द ऐकताच तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. काही दिवसांनी मी त्याच्या वस्तीवर गेलो. आता तोही दोन मुलांचा बाप आहे. खोपटापुढे जनावरांस वैरण घालीत होता. मी क्षमा मागितली. तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मला धावायचंच होतं. पण तुम्ही ‘थांब’ म्हणाला असता, तर मी थांबलो असतो. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचं मी ऐकलं नसतं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. निघताना त्याने सांगितले की, त्याचा धाकटा मुलगा पळतो, आणि मी त्यास पाहावयास यावे.

मित्रहो, आपण पाहणारे लोक स्वतःस निरुपद्रवी समजतो. धावणारा धावतो, आपण फक्त टाळ्या वाजवितो, असे आपणांस वाटते. तसे नाही. ज्याच्या टाळीसाठी मुलगा धावतो, त्याच्या शब्दाने तो थांबूही शकतो. ही सत्ता आहे, आणि सत्ता म्हटली की जबाबदारी आलीच.

म्हणून माझी आपणांस तीन मागणी आहेत. पहिली, खेळणाऱ्या मुलांस: दुखणे लपवू नका; सूज हा भित्रेपणा नव्हे, तो शरीराने पाठविलेला निरोप आहे. दुसरी, शिक्षक व आईबाप यांस: हळद-चुन्यावर भागवू नका; सांधा सुजला, अडकला किंवा पाय खचू लागला तर डॉक्टरांकडे न्या, आणि ढाल गेली तर जाऊ द्या. ढाल पुढील वर्षी पुन्हा असते. तिसरी, आम्हां चहा पिणाऱ्या मंडळींस: पडलेल्याविषयी बोलताना त्याने आपणांस काय दिले नाही याचा हिशेब करू नये, जे दिले ते मोजावे. मोजण्याची सवय असल्यामुळे मी साबळे यांचा हिशेब करून पाहिला. भुवनेश्वरच्या ८ मिनिटे २९.८० सेकंदांपासून पॅरिसच्या ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत जवळजवळ वीस सेकंद या एका माणसाने सहा वर्षांत देशासाठी कमी केले. ते वीस सेकंद कोणताही गुडघा परत घेऊ शकत नाही.

त्या वस्तीवरच्या धाकट्या मुलास मी आता आठवड्यातून दोनदा पाहावयास जातो. मी त्यास धावणे शिकवीत नाही. ते त्यास येते. धावून झाले की मी त्याचे दोन्ही गुडघे हाताने चाचपून पाहतो, आणि विचारतो, "दुखतं का रे? खरं सांग." गेल्या महिन्यात त्याने प्रथमच "हो" म्हटले. त्या दिवशी आम्ही धावलो नाही. बांधावर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या.